तासाबाहेरचं लिहिणं

बागलाणचा जुना इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी एका कवीच्या दारात जावं लागतं. मुल्हेरच्या, म्हणजे तेव्हाच्या मयूरगिरीच्या बागूल राजांची सलग हकिगत सांगणारा ग्रंथ आहे ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’. राजा नारायणशहाच्या पदरी असलेल्या रुद्रकवीने तो शके १५१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १५९६ मध्ये, संस्कृतात रचला. वीस सर्गांचं हे काव्य १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत छापून निघालं. ते वगळून बागुलांविषयी आज नीट काही लिहिता येत नाही. त्यात राजाची स्तुती आहे, अलंकारांची रेलचेल आहे, दरबारी कवीला आवरत नाही अशी अतिशयोक्तीही आहे. काय घ्यायचं नि काय सोडायचं, हे इतिहासाच्या अभ्यासकाला पारखून ठरवावं लागतं. पण या कवीने वंशावळ आणि लढाया श्लोकांत बांधून ठेवल्या नसत्या, तर पारखायलाही फार थोडं हाती राहिलं असतं.

काव्य आणि इतिहास यांची फारकत रुद्रकवीच्या काळात झालेली नव्हती. ती पुढे विद्यापीठांनी केली. प्रत्येक विषयाला विभाग मिळाला, विभागाला प्रमुख, अभ्यासमंडळ आणि परीक्षा मिळाली. यातून शिस्त आली, ती मोलाचीच आहे. मात्र एका विषयाच्या माणसाने दुसऱ्या विषयात पाऊल टाकलं की त्याला हौशी म्हणण्याची सवयही त्यातूनच लागली. भौतिकशास्त्राच्या सरांनी कादंबरी लिहिली तर तिची गणती छंदात होते, आणि मराठीच्या बाईंनी पाणीवाटपावर लिहिलं तर भूगोलाचा विभाग त्याकडे बघत नाही.

विद्यापीठात किंवा महाविद्यालयात एक विषय शिकवणाऱ्या आणि त्या विषयाची नजर घेऊन कथा, कादंबरी, ललित लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांवरचे लेख या पुस्तकात एकत्र केले आहेत. या लेखकांची दोन कामं वेगळी काढून मोजता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या विषयाने त्यांना काय पाहायचं ते शिकवलं आणि लेखनाने पाहिलेलं माणसांपर्यंत नेलं. यातलं एक काढून घेतलं तर दुसरंही उणं होतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखन कार्यशाळा सुरू झाली आणि सर्जनशील लेखन हा पदवीचा विषय बनला. तिथे लेखक लेखनाचाच प्राध्यापक होऊ शकला. आपल्याकडे तशी वाट बराच काळ नव्हती. मराठी लेखक विद्यापीठात शिरला तो दुसऱ्या कुठल्या तरी दारातून: इंग्रजीच्या, अर्थशास्त्राच्या, मानववंशशास्त्राच्या, गणिताच्या. त्यामुळे त्याच्या हातात लेखनाखेरीज आणखी एक हत्यार नेहमी राहिलं. याला कमतरता म्हणावं असं मला वाटत नाही. मराठी गद्याची बरीच श्रीमंती या दुसऱ्या हत्यारातून आली आहे.

इरावती कर्वे यांचंच घ्या. बर्लिनला जाऊन त्यांनी मानववंशशास्त्रात पीएच.डी. केली ती मानवी कवट्यांची मापं घेऊन. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि १९७० मध्ये जाईपर्यंत तिथल्याच राहिल्या. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. आजोळ, सासर, मामा, आत्या, कुणाशी लग्न चालतं आणि कुणाशी नाही, याचा हिशेब त्यांनी प्रांतोप्रांती हिंडून मांडला. महाभारतातल्या माणसांवर ‘युगान्त’ लिहिताना हीच बाई कुंतीकडे, गांधारीकडे, द्रौपदीकडे वळली, तेव्हा तिला त्या घरातले ताण दिसले. कुरूंच्या वाड्यात सून होऊन येणं म्हणजे काय, दीर आणि सासरा यांच्यामध्ये बाईची जागा कुठे, हे प्रश्न नात्यांची कोष्टकं केलेल्या अभ्यासकालाच इतके थेट सुचू शकतात. ‘युगान्त’ला पुरस्कार मिळाला तो साहित्य अकादमीचा. पण त्याची बैठक गावोगावच्या भटकंतीतून घडलेली आहे.

त्यांचा वारीवरचा लेख मला याहूनही जवळचा वाटतो. त्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला निघाल्या. सगळे एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात, आणि मुक्कामाला पोचल्यावर स्वयंपाक मात्र जातीजातीचे वेगळे लागतात. इरावतीबाई हे टिपून घेऊन पुढे जात नाहीत. एकाच दिंडीच्या पंगती वेगळ्या का, हे त्यांना रोज खुपत राहतं आणि ते खुपणं त्या लिहितात. हाच लेख इंग्रजीत होऊन १९६२ मध्ये आशियाई अभ्यासाच्या एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात आला आणि पुढच्या अभ्यासकांनी तो संशोधन म्हणून वाचला. मराठीत ललित आणि इंग्रजीत शोधनिबंध, असं एकाच लेखाचं दोन्हीकडे स्वागत झालं. ज्यांना या दोन प्रकारांत भिंत दिसते त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

दुसरं उदाहरण जयंत नारळीकरांचं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर केलेल्या कामामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं होतं. नावाला बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी कथेवर नाव घातलं नारायण विनायक जगताप. ज.वि.ना. ही आपलीच आद्याक्षरं उलटी लावून केलेलं हे नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. जगभर मान्यता असलेल्या शास्त्रज्ञाने नवशिक्या लेखकांच्या रांगेत नाव लपवून उभं राहायचं ठरवलं, यात लेखनाविषयीचा केवढा आदर आहे! आपलं विज्ञान कथेला आपोआप मोठं करणार नाही, कथेला कथा म्हणूनच उभं राहावं लागेल, हे त्यांनी पहिल्याच पावलावर मान्य केलं. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आली. ते लिहिणारा माणूस त्याच काळात विद्यार्थ्यांना संशोधन शिकवत होता आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेची उभारणी करत होता. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं त्याचे नारळीकर अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. तरी आपल्या जिल्ह्यातल्या संमेलनाचं अध्यक्षपद एका शास्त्रज्ञाकडे गेलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. नवकथेचे अध्वर्यू म्हणून आपण त्यांना ओळखतो. ‘कडू आणि गोड’मधल्या मध्यमवर्गीय माणसांच्या मनाचे कंगोरे आपण वाचतो, पण त्या मनांवर पगार, भाडं, बाजारभाव यांचं ओझं किती आहे हे गाडगिळांना शिकवावं लागलं नाही. उत्तरायुष्यात जगन्नाथ शंकरशेठ यांच्या काळातल्या मुंबईवर त्यांनी ‘प्रारंभ’ ही कादंबरी लिहिली. शहर व्यापाराने कसं उभं राहतं, हा तिचा गाभा अर्थशास्त्रज्ञाने रचलेला आहे.

रंगनाथ पठारे आपल्या शेजारचे. ते संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. ‘ताम्रपट’ला १९९९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सहकार, राजकारण, शिक्षणसंस्था यांनी गावाचं जे काही केलं ते या कादंबरीत सत्तेच्या यंत्रणेसह उलगडतं. ‘सातपाटील कुलवृत्तांत’ तर एका कुळाच्या निमित्ताने काही शतकांचा महाराष्ट्र उभा करतं. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून शासनाने जी अभ्यास समिती नेमली तिचे अध्यक्ष पठारेच होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो दर्जा जाहीर झाला. भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे गोळा करणाऱ्या समितीचं नेतृत्व भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने करावं, यापेक्षा या पुस्तकाच्या बाजूने बोलणारा दाखला कोणता असेल?

भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला, धुळ्यापासून मुंबईपर्यंत इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकवलं. ‘हिंदू’ या २०१० च्या कादंबरीतला खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून तो आपल्या गावाच्या अडगळीपर्यंत येतो. थरावर थर उकरत जाण्याची पुरातत्त्वाची रीत इथे कथानकाची रीत होते. नाशिकच्या एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवणारे वसंत कानेटकर इतिहासाकडे वळले आणि १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आलं. या सगळ्यांवरचे लेख पुढे आहेतच, त्यामुळे इथे थांबतो आणि बागलाणातल्या सटाण्याकडे येतो. या पुस्तकाची गरज मला जाणवली ती इथेच.

आपल्या महाविद्यालयात, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कर्मवीर आबासाहेब तथा ना. म. सोनवणे महाविद्यालयात, मुलं येतात ती आरम आणि मोसम खोऱ्यातल्या गावांतून, डांगाच्या बाजूच्या पाड्यांवरून. जिल्हा नाशिक म्हणून विद्यापीठ पुण्याचं. घरी बोलायची भाषा अहिराणी, आणि अहिराणी मुलखाचं म्हणून ओळखलं जाणारं विद्यापीठ मात्र जळगावला. पश्चिमेकडच्या मुलांच्या घरी कोकणी किंवा भिली. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशीला, जिच्यात अहिराणी येते, भिली भाषांबरोबर एकाच खंडात बसवलं, २०११ च्या जनगणनेने खानदेशी वेगळी मोजली आणि तिचे बोलणारे अठरा लाखांहून अधिक भरले. वर्गात यातलं काहीच येत नाही. मराठीच्या तासाला पोरगं ‘मना भाऊ’ म्हणालं की आपण त्याला ‘माझा’ म्हणायला लावतो आणि पुढच्या धड्याकडे जातो.

इथला कोणताही मोठा विषय एका विभागात मावत नाही. फड पद्धतीचं उदाहरण जवळून पाहू. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ही सिंचनाची व्यवस्था. नदीत दगडी बंधारा, त्याच्या काठाने निघालेला पाट, पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचं. उसाचा फड ठरला की त्यातल्या सगळ्यांनी ऊस लावायचा, पुढच्या वर्षी पीक दुसरीकडे सरकतं. म्हणून शेतकऱ्याची जमीन एकगठ्ठा नसते, प्रत्येक फडात त्याचा तुकडा असतो. पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं, राखण जागल्याची. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. प्रत्येक फडात प्रत्येकाचा वाटा असल्यामुळे नुकसानही वाटून घेतलं जातं.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात सामूहिक मालमत्तेचा नमुना दिसेल. गावकरी स्वतः नियम करून पाणी, कुरणं, जंगलं टिकवू शकतात हे जगभरची उदाहरणं तपासून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. भूगोलाच्या शिक्षकाला पाटाचा उतार आणि जमिनीचा पोत दिसेल. राज्यशास्त्रवाल्याला पंचांची सत्ता. पण दोन भाऊ वेगळे झाले की काय होतं? प्रत्येक फडातला तुकडा पुन्हा चिरावा लागतो, बांधावर बांध पडतात, पाण्याची पाळी रात्री दोनला येते आणि विधवा वहिनीने कंदील घेऊन एकटीने जायचं की दिराला सांगायचं, हा प्रश्न उरतो. तो कुठल्याच विभागाच्या अभ्यासक्रमात नाही. तो कथेचा प्रश्न आहे. पण ज्याला फड कळत नाही त्याला तो सुचणारच नाही. पाटाचा नकाशा काढता येणारा आणि त्या वहिनीची रात्र लिहिता येणारा शिक्षक बागलाणला हवा आहे.

डाळिंबाचंही तेच. तेल्या रोगाने इथल्या बागांची धूळधाण केली. तो कोणत्या जिवाणूमुळे होतो, पावसाळी हवेत कसा पसरतो, हे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक फळ्यावर छान समजावून देतात. समोर बसलेल्या मुलाच्या बापाने ती बाग मुळासकट उपटलेली असते. झाडावरचा तेलकट डाग आणि घरातली अबोल संध्याकाळ या दोन्हींची नोंद एकाच वहीत व्हायला हवी, कारण दोन्ही एकाच वर्षी घडलेल्या गोष्टी आहेत. मार्गशीर्षात पश्चिम बागलाणात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. पावरी वाजते, थाळीच्या नादावर कथा लागते, माणसं व्रत धरून डोंगराकडे जातात. तिथे समाजशास्त्र, संगीत, वनस्पती, भाषा सगळं एकाच रिंगणात नाचत असतं.

हे काम झालेलंच नाही असं मात्र नाही. डॉ. सुधीर रा. देवरे यांनी सटाण्यात राहून ते केलं आहे. ‘डंख व्यालेलं अवकाश’ हा त्यांचा कवितासंग्रह, आणि ‘अहिराणी लोकपरंपरा’ हा अभ्यासग्रंथ. बडोद्याच्या भाषा केंद्राने वेगवेगळ्या बोलींत काढलेल्या ‘ढोल’ या नियतकालिकाच्या अहिराणी आवृत्तीचं संपादन त्यांनी केलं. हे केंद्र उभं केलं गणेश देवी यांनी. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९९६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, तेजगडला आदिवासी अकादमी काढली, पुढे भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण हाती घेतलं आणि मराठीत ‘वानप्रस्थ’सारखं ललित पुस्तकही लिहिलं. धुळ्याला प्राध्यापक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये ‘कविता-रती’ सुरू केलं आणि आयुष्यभर चालवलं. मोठ्या शहरांपासून दूर बसूनही मोठं काम होतं, याची ही उदाहरणं आपल्या हाकेच्या अंतरावरची आहेत.

मग आणखी शिक्षक या वाटेला का येत नाहीत? एक कारण व्यवस्थेत आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंध, परिषदा, प्रकल्प यांचे गुण ठरले. पुढे नियम बदलत गेले, पण तरुण शिक्षकाच्या मनात बसलं ते हेच, की मोजलं जाईल तेच लिहायचं. अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्या जमवून त्यावर एक सुरेख ललित लेख लिहायला वर्ष लागतं आणि फाइलमध्ये त्याची किंमत शून्याजवळ राहते. चार जणांनी मिळून घाईने लिहिलेला निबंध मात्र कामी येतो. यात शिक्षकाचं नुकसान आहेच, त्याहून जास्त गावाचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा पुरस्कार केला आहे, पदवीच्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणला आहे. या दाराचा उपयोग करून घ्यायला हवा. फडावर, कानबाईच्या रोटांवर, द्राक्षबागेतल्या मजुरीवर मुलांना लिहायला लावा, आणि त्या लिखाणात तक्त्याइतकीच माणसाच्या बोलण्यालाही जागा द्या.

या वाटेवर धोके आहेत. शास्त्रज्ञाची कथा शिकवणी होऊ शकते, पात्रं एकमेकांना व्याख्यानं देऊ लागतात. कादंबरीत संशोधन ओतलं की ते अंगावर येतं. उलट बाजूने, लालित्याच्या ओघात अभ्यासक पुराव्याला वळण देतो. इरावतीबाईंची निरीक्षणं टिकली ती त्यांनी आपली हळहळ आणि पाहिलेली वस्तुस्थिती एकमेकांत मिसळू दिली नाही म्हणून. दोन्ही दिल्या, पण कोणती कुठली हे वाचकाला कळतं. सगळ्यात मोठा धोका आपल्या भागात आहे तो दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव लावण्याचा. ओवी म्हणणाऱ्या आजीचं नाव, गाव, तिने ती कुणाकडून ऐकली ते पुस्तकात छापलं पाहिजे. डोंगऱ्या देवाच्या कथेतलं जे बाहेर सांगायचं नाही असं भगत म्हणतो, ते आपण छापायचं नाही. लेखकाचं स्वातंत्र्य मला प्राणप्रिय आहे, पण ते दुसऱ्याच्या विश्वासावर पाय देऊन घेता येत नाही.

वाचकांना एक विनंती. या पुस्तकातले लेख अनुक्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नारळीकर आणि पठारे यांच्यापासून सुरुवात करावी, पण इरावतीबाईंवर येऊन थांबावं. साहित्याच्या विद्यार्थ्याने उलट जावं. प्रत्येक लेख वाचून झाल्यावर मूळ पुस्तक ग्रंथालयातून काढून घ्यावं. ते मिळालं नाही तर ग्रंथपालाकडे मागणी नोंदवावी, कारण मागणी नोंदवल्याशिवाय तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तकं येत नाहीत.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना, भगिनींना सांगणं असं: आपला विषय सोडू नका. लेखक व्हायचं म्हणून भौतिकशास्त्राकडे दुर्लक्ष करणारा शिक्षक वाईट शिक्षक होतो आणि बहुधा वाईट लेखकही. आपल्या विषयाने ज्या गोष्टी तुम्हाला दिसू लागल्या आहेत आणि शेजाऱ्याला अजून दिसत नाहीत, त्या शेजाऱ्याला कळतील अशा भाषेत लिहा. अहिराणीत सुचलं तर अहिराणीत लिहा. विद्यापीठ त्याचे गुण देईल की नाही याची वाट बघू नका, पण गुण मिळावेत म्हणून सभेत उभं राहून बोलायचंही सोडू नका. बागलाणला आपल्यावर लिहिणाऱ्या माणसांची आज गरज आहे, आणि ती माणसं आपल्याच शिक्षककक्षात बसलेली आहेत.

सटाणा